पोरगी वानरं काढून राहिली

“काय गं, तुझी पोरगी दर रविवारी महाराजबागेत जाऊन बसते म्हणे? दूधवाला सांगून राहिला होता.”

“जाते ना काकू. प्राण्यांची चित्रं काढायला. बारावीला एवढे चांगले मार्क पडले आणि आता म्हणते, मला वन्यजीवांची चित्रकार व्हायचं आहे. ह्यांनी तर तिच्याशी बोलणंच टाकलं.”

“बोलणं टाकण्यासारखं काय झालं बाप्पा? माडगूळकरांचं ‘नागझिरा’ वाचलंस का? व्यंकटेश माडगूळकर गं, गदिमांचे धाकटे भाऊ. ‘बनगरवाडी’वाले. लोकांना त्यांची पुस्तकं माहीत, पण हात मुळात चित्रकाराचा. तरुणपणी चित्रकला शिकायची म्हणून कोल्हापूर गाठलं होतं. पुढे लेखक झाले, तरी चित्रकला सुटली नाही. आपल्याच पुस्तकांत आपणच रेखाटनं करायचे. आधी शिकारीचा नाद होता बरं का! मग बंदूक गेली आणि वही आली.”

“पण पोट कशावर भरायचे?”

“आकाशवाणीवर. 1955 पासून पुणे केंद्रात, ग्रामीण कार्यक्रमांच्या विभागात. नोकरी सांभाळूनच जंगलं पालथी घातली. ते नागझिरा आपल्या नागपूरहून काही लांब नाही, भंडारा-साकोली करत दोन-तीन तासांत पोचतो आपण. 1970 मध्ये अभयारण्य झालं. तिथे मुक्काम ठोकून ते नुसते बघत बसायचे. वानरांच्या टोळ्यांवर ‘सत्तांतर’ लिहिलं, त्याला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.”

“वानरं तर हिनेही काढली आहेत. दाखवलं ना तुम्हाला?”

“दाखवलं. हात गोड आहे पोरीचा. पण शेपूट चुकली.”

“शेपटीत काय चुकायचं काकू?”

“अगं, मी शाळेत जीवशास्त्र शिकवलंय, मला नको सांगू. आपल्याकडचं वानर चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याकडे वळवतं. गोदावरी ओलांडून खाली दक्षिणेत गेलीस की तीच कमान मागे झुकते. हिचं वानर दक्षिणेतलं आहे! मोबाइलवरचा फोटो उतरवला असेल. आपल्या गच्चीवर टोळी येते तेव्हा तू काठी घेऊन धावतेस, त्याऐवजी पोरीला वही घेऊन बसव. आणि वाघ काढला तर दोन्ही कुशींवर एकसारखे पट्टे काढू नको म्हणावं. डावी कूस वेगळी, उजवी वेगळी. पट्ट्यांवरूनच वनखातं वाघ ओळखतं.”

“ते ठीक. पण आता ज्याच्या-त्याच्या हातात कॅमेरा आहे. चित्र कोण विचारणार?”

“पक्षी बघणाऱ्या माणसाची झोळी उघडून बघ. फोटोत पक्षी सापडतो तसा असतो, अर्धा सावलीत, शेपूट पानाआड. चित्रात नर, मादी, पिल्लू एका मापात शेजारी-शेजारी बसवता येतात, उडताना पंखाखाली काय दिसतं तेही. सालिम अलींचं पक्ष्यांचं पुस्तक 1941 चं, तेव्हा चित्रंच होती आणि आजही लोक चित्रांचंच पुस्तक घेऊन फिरतात. ग्रिमेट-इन्स्किप यांच्या जाडजूड पुस्तकात परदेशी चित्रकारांच्या रांगेत एक आपले गोव्याचे होते, कार्ल डिसिल्व्हा. 2015 मध्ये गेले. नाव ऐकलं होतंस?”

“नाही बा.”

“तेच तर! लोक पक्ष्याचं नाव शोधतात, चित्राखालचं कोणी वाचत नाही. पैसा बेताचा आणि नाव त्याहून बेताचं, हे तिला आत्ताच सांगून ठेव. उगाच स्वप्नं दाखवू नको.”

“म्हणजे तुम्हीही नाहीच म्हणता?”

“मी कुठे नाही म्हटलं? आपल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात घाल, जोडीला प्राणिशास्त्राची पुस्तकं मी देते. पुढे नोकरी करावी लागली तर करेल, माडगूळकरांनी नाही का केली? जंगलावर लिहिणारे मारुती चितमपल्ली साहेबही वनखात्यात राहूनच जंगल शिकले. आणि भाऊंना म्हणावं, रुसवा सोडा, पोरीला नागझिऱ्याला घेऊन जा. आत्ता नको पण, दिवाळीत. जुलै ते सप्टेंबर जंगल बंद असतं.”