राउटर बसवून गेलेल्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

जव्हारच्या आमच्या सेवा केंद्रात तुम्ही राउटर बसवलात, मोबाइलवर स्पीडचा काटा दाखवलात, पैसे घेतलेत आणि गेलात. तेव्हापासून आमचा ब्लूटूथ प्रिंटर पावती अर्ध्यावर सोडतो. नाव छापतो, रक्कम राहते. श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला खोडाळ्याकडून आलेल्या आजी त्या कागदासाठी ताटकळतात. त्यांची शेवटची एसटी चुकली, तर मुक्कामाला तुमच्या घरी पाठवू का?

फोन केला तर म्हणालात, "प्रिंटर बदला." कशाला? राउटर बंद केला की तोच प्रिंटर धडाधड छापतो. येऊन बघा.

तुम्ही लावलेलं वायफाय आणि ब्लूटूथ, दोघांचाही संसार २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात. आपला प्रिंटर त्यातल्या ७९ चॅनेलवर सेकंदाला १६०० उड्या मारतो. गर्दीची जागा सोडून मोकळ्या जागेवर उडी मारायची सोयही ब्लूटूथमध्ये २००३ पासून आहे. पण मोकळी जागा ठेवलीत कुठे? तुम्ही वायफायच्या चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ केलीत, म्हणजे निम्मा पट्टा एकट्या राउटरने गिळला. उरलेला निम्मा शेजारच्या मोबाइलच्या दुकानातल्या राउटरने. तोही तुमच्याच हातचा, तोही ४० वर. वर आमचा राउटर ठेवलात तो नेमका प्रिंटरच्या बोकांडी, लोखंडी कपाटाला टेकवून.

रुंदी २० करा. चॅनेल १, ६, ११ पैकी शेजाऱ्याकडे नसलेला द्या. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका, राउटर प्रिंटरपासून लांब, भिंतीवर उंच लावा. एक रुपयाही लागत नाही, फक्त काम मनापासून करावं लागतं.

मोखाड्याच्या पाड्यांवर आजही रेंजसाठी माणसं टेकाडावर चढतात. अशा मुलखात घाट चढून आलेलं नेट तुम्ही शेवटच्या दहा फुटांत मातीत घालता, याचा मला संताप येतो. शहरात प्रिंटर अडला तर माणूस पलीकडच्या दुकानात जातो. सूर्यमाळहून आलेल्याची दिवसाची मजुरी बुडते.

आणि राउटरचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवून गेलात, नाहीतर हे पत्र लिहिण्याऐवजी मीच सेटिंग बदललं असतं. उद्या दुकान उघडायच्या आत तो पाठवा. शेजारच्या दुकानदारालाही त्याचा द्या.

– एक केंद्रचालक, जव्हार