खुर्ची कुणी घडवली?

बंदिवानांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम म्हटला की समई, शाल, श्रीफळ आणि 'समाजाचा मुख्य प्रवाह' हे आलंच. प्रत्येक वक्ता प्रवाहाबद्दल बोलतो, पाण्याची सोय मात्र फक्त व्यासपीठावर असते. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचं लक्ष होतं अध्यक्षांच्या खुर्चीकडे.

सागवानी, उंच पाठीची, हातांना सुरेख गोलाई दिलेली. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटचा ठसा: 'कारागृह उद्योग'. अध्यक्ष तासभर बोलले, मुद्द्याला जोर यावा म्हणून चारदा मागे रेलले, दोनदा हातावर मूठ आपटली. खुर्ची कुरकुरली नाही. सभागृहात तेवढा संयम तिलाच होता.

तुरुंगांच्या कारखान्यांत सुतारकाम चालतं आणि कितीतरी सरकारी कचेऱ्यांतली टेबलं-खुर्च्या तिथूनच येतात, न्यायालयांतलीसुद्धा. म्हणजे ज्या खुर्चीत बसून सक्तमजुरी सुनावली जाते, तसल्याच पुढच्या खुर्च्या ती सक्तमजुरी घडवते. व्यवस्था स्वयंपूर्ण आहे. शिवाय माल टिकाऊ. आमच्या कचेरीतली खुर्ची रीतसर निविदा काढून, तीन दरपत्रकं मागवून, सर्वांत स्वस्त दरानं आली आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचं एक चाक गेलं. ते बदलण्यासाठी आम्ही केलेला अर्ज अजून वरच्या मजल्यावर आहे. ती पुरवणारा ठेकेदार मात्र मुख्य प्रवाहात आहे, अगदी मधोमध. त्याच्या चारित्र्याची पडताळणी करावी असं कुणाला वाटलेलं नाही.

पडताळणी व्हायची ती सुताराची. शिक्षा भोगून तो बाहेर येतो, तेव्हा त्याच्या पिशवीत सुतारकाम शिकल्याचं प्रमाणपत्र असतं. वर ठळक अक्षरांत तुरुंगाचं नाव, खाली सही-शिक्का. दाखवावं तर कुठं शिकला ते कळतं, न दाखवावं तर काही येतं हे कळत नाही. मग तो नाव अंगठ्याखाली झाकून कागद पुढे करायला शिकतो. मालक म्हणतो, ते ठीक आहे, पोलिसांचा दाखला आण. दाखल्यासाठी अर्ज. अर्जात प्रश्न: पूर्वी गुन्हा दाखल होता का? प्रामाणिकपणे 'हो' लिहिलं तर काम नाही, 'नाही' लिहिलं तर नवा गुन्हा. खिडकीपलीकडचे साहेब 'तुमच्यासारख्यांना कसं देणार?' म्हणत मागे रेलतात. खुर्ची कुरकुरत नाही. सुतार पायाच्या आतल्या बाजूला नजर टाकतो आणि गप्प बसतो, कारण काम चोख आहे हे त्याला माहीत असतं.

बरं, सुतारकाम सोडून त्यानं वॉचमन व्हावं? 2005चा खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा शिक्षा झालेल्याला दारात उभं करत नाही. शिपाई? तिथंही चारित्र्य पडताळणी. साहेबांच्या केबिनबाहेर स्टुलावर बसायलासुद्धा निष्कलंक आयुष्य लागतं. पण तो चुकीच्या रांगेत उभा आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस सुटल्यानंतर सहा वर्षांनी निवडणूक लढवू शकतो. खटला नुसता चालू असेल तर तेवढंही थांबायला नको. शपथपत्रात गुन्ह्यांची यादी द्यायची आणि ती वर्तमानपत्रांत तीनदा छापून आणायची, की झालं. सुताराचा एक गुन्हा त्याला जन्मभर पुरतो. उमेदवाराचे अकरा गुन्हे आमच्या जाहिरात विभागाला आनंद देतात. निवडून आला तर हाच माणूस पुनर्वसनाच्या कार्यक्रमाचा अध्यक्ष होतो, त्याच खुर्चीत बसतो, दाखला नाकारणारे त्याला सलाम ठोकतात आणि शिपायानं आणलेला चहा तो घेतो. शिपाई अर्थातच पडताळणी झालेला.

हे झालं शिक्षा झालेल्यांचं. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती. त्यांतले सुमारे 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांच्यावर काहीही सिद्ध झालेलं नाही असे. त्यांतला एखादा काही वर्षं आत काढून निर्दोष सुटतो आणि चाळीतला शहाणा विचारतो, 'काही केल्याशिवाय का पोलीस नेतात?' नेतात! जामिनाला पैसे नसले, हमी द्यायला कुणी नसलं की नेतात आणि ठेवूनही घेतात. त्या वर्षांची भरपाई सोडा, भाड्याची खोलीसुद्धा त्याला कुणी देत नाही. आणि हीच मंडळी 'दो आँखें बारह हाथ' लागला की टीव्हीसमोर डोळे पुसतात. सहा खुनी, उघडं माळरान, विश्वास ठेवणारा जेलर! पडद्यावर सहा चालतात, वरच्या मजल्यावर एक चालत नाही. सिनेमामागचा प्रयोग तर आपल्याच मातीतला. 1939 साली औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं आणि कैद्यांना भिंतींशिवाय, बायकामुलांसह शेती करू दिली. एका चिमुकल्या संस्थानाला तेव्हा जे जमलं, ते आज आपल्या हाऊसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेला जमत नाही. तिथं पार्किंग बळकावलेला सेक्रेटरी मोलकरणीचा पोलीस दाखला तपासतो!

न्यायालय शिक्षा देतं ती वर्षांत मोजून. सुटल्यानंतरची शिक्षा कोण देतं, ती किती वर्षांची आणि तिच्याविरुद्ध अपील कुठं करायचं, हे त्या दिवशी एकाही वक्त्यानं सांगितलं नाही. आमची मागणी छोटी आहे. जी कचेरी तुरुंगातलं फर्निचर घेते, तिनं सुटून आलेल्या सुताराला निदान त्या फर्निचरच्या दुरुस्तीचं काम द्यावं आणि दाखला मागू नये. जमत नसेल तर सगळ्या खुर्च्या परत पाठवा आणि पुढचं पुनर्वसन उभ्यानं करा.