हजर, पण पांघरुणात

मार्च २०२० मध्ये करोनामुळे कॉलेजांना कुलूप लागलं आणि उच्चशिक्षण थेट पोरांच्या पांघरुणात शिरलं. आठचं लेक्चर, सात एकोणसाठला जाग, आठला ‘प्रेझेंट सर’. दात घासणं हा ऐच्छिक विषय. पंचाहत्तर टक्के हजेरीचा जो डोंगर भल्याभल्यांना चढवला नव्हता, तो झोपेतच सर झाला.

सरांची तऱ्हा निराळी. आधी ‘आवाज येतोय का?’, मग ‘स्क्रीन दिसतेय का?’, आणि मग तास संपता संपता उमगायचं की मधला अख्खा धडा म्यूटवर झाला. कुणी सांगितलं नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं सरली की सर वाक्याच्या मध्येच गायब. इतक्या वक्तशीरपणे कॉलेजची घंटाही कधी वाजली नव्हती! एखाद्याचा माइक चुकून सुरू राहिला की मात्र सगळा वर्ग खडबडून जागा: कुकरची शिट्टी, पाठोपाठ ‘मेल्या, तो मोबाइल ठेव आणि दळण घेऊन ये!’

‘ऑनलाइन म्हणजे सर्वांना समान संधी’ असं छातीठोक सांगणारे बहुधा वायफायच्या शेजारीच बसलेले असावेत. ३ जूनच्या ‘निसर्ग’ वादळाने रायगड-रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले होते. तिथल्या पोरांनी संधी कुठल्या झाडावर चढून शोधायची?

ऑगस्टअखेरीस सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं बजावलं. ऑक्टोबरात मुंबईत शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली, तीही घरबसल्या, चार पर्यायांतून एक निवडायची. एरवी रेंज नसलेल्यांनाही त्या तासाभरात व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मात्र ती झकास मिळाली.