कंपनीला कोरी पाटी, माणसाला सात वर्षं

पैठण रस्त्यावरच्या चितेगावचा पत्ता संभाजीनगरात कुणाला सांगावा लागत नाही. व्हिडिओकॉन म्हटलं की पुरे. या शहरातल्या हजारो घरांची चूल त्या कारखान्यावर आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडवर पेटली. धूत कुटुंबाची ही कंपनी जून २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या दारात गेली.

तीन वर्षांनी, जून २०२१ मध्ये, निकाल लागला. व्हिडिओकॉन समूहातल्या १३ कंपन्यांवर मान्य झालेले दावे ६४,८३८ कोटींचे. वेदांता समूहाच्या ट्विन स्टारने देऊ केले २,९६२ कोटी. म्हणजे शंभर रुपयांमागे साडेचार.

आणि माल पुरवणाऱ्यांना? शंभरामागे ७२ पैसे.

हा आकडा न्यायाधिकरणालाही गिळवला नाही. खरेदीदार जवळजवळ काहीच देत नाही, असं त्याने निकालपत्रातच लिहिलं. दाव्यातल्या या कपातीला हेअरकट म्हणायचं की मुंडण, असंही विचारलं. आणखी एक गोष्ट लिहिली, तिच्याकडे मात्र फार कुणी पाहिलं नाही. हे पुरवठादार बहुतेक लघुउद्योजक आहेत. त्यांना इतकेच पैसे मिळाले तर उद्या त्यांच्यावरही दिवाळखोरीची वेळ येईल.

निदान लिहिलं. आणि योजना मंजूर केली.

पुढे अपिलीय न्यायाधिकरणाने जानेवारी २०२२ मध्ये ती योजना रद्द केली. पण पुरवठादाराचा हप्ता काही न्यायाधिकरणाच्या तारखेची वाट पाहत नाही. तो दर महिन्याच्या पाच तारखेला येतो.

आता खरा प्रश्न. मोठी कंपनी बुडते तेव्हा तिची पत कुठे जाते? आणि तिच्यामुळे छोटा माणूस बुडतो तेव्हा त्याची पत कुठे जाते?

कंपनीचं उत्तर सोपं आहे. दिवाळखोरी संहितेखाली योजना मंजूर झाली की योजनेत नसलेली जुनी देणी संपतात. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये हे स्वच्छ सांगितलं. नवा मालक कोऱ्या पाटीवर कारखाना चालवतो. हे योग्यच आहे. जुन्या मालकाची उधारी नव्याच्या मानगुटीवर बसली तर कारखाना विकत घेईल कोण?

माणसाला अशी पाटी का नाही?

समजा, वाळूजमध्ये एक प्रेसशॉप आहे. मालक प्रोप्रायटर. शेड भाड्याची, बँकेची सीसी लिमिट, मशिनवर टर्म लोन, घरावर एक कर्ज, खिशात एक क्रेडिट कार्ड. मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे थकवले. मालकाने आधी कामगारांचे पगार दिले, मग वीजबिल भरलं, मग बँकेचा हप्ता राहिला. या क्रमाला आपण माणुसकी म्हणतो.

सिबिल त्याला डिफॉल्ट म्हणतं.

क्रेडिट रिपोर्ट कधी जवळून पाहिलाय? प्रत्येक कर्जाखाली छोट्या चौकटींची रांग असते. एका चौकटीत एक महिना. हप्ता वेळेवर गेला असेल तर तीन शून्यं. चुकला की ०३०, मग ०६०, मग ०९०. किती दिवसांची थकबाकी, एवढंच. अशा ३६ महिन्यांच्या चौकटी तिथे दिसतात. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, लॉकडाऊन लागला, घरात आजारपण आलं, यासाठी चौकट नाही.

ज्याने पैसे बुडवले आणि ज्याचे पैसे बुडाले, दोघांच्या चौकटीत आकडा एकच.

मग फोन सुरू होतात. वसुलीवाला आधी धमकावतो, नंतर गोड बोलतो. 'साहेब, चार लाखांचे दीड लाख भरा, फाइल बंद करून टाकू.' माणूस बायकोचे दागिने मोडतो, दीड लाख भरतो, पत्र घेतो आणि सुटलो म्हणून घरी येतो. दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जातो, तेव्हा बँकेतला मुलगा स्क्रीन वळवून दाखवतो. खात्यापुढे 'क्लोज्ड' नाही. 'सेटल्ड' आहे.

फाइल बंद झाली. खातं जखमीच राहिलं.

'सेटल्ड' म्हणजे बँकेने कमी पैशांत प्रकरण मिटवलं. पुढची प्रत्येक बँक ते वाचते आणि समजायचं ते समजते. हे सही करण्याआधी किती वसुलीवाले सांगतात? रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या नियमानुसार, शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत, तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच बँक किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. किमान हा शब्द नीट वाचा. हा काळ किती वाढवायचा ते बँकेच्या संचालक मंडळाच्या हातात. कर्जदाराला कोण कळवतं?

'रिटन ऑफ'चं तर त्याहून वाईट. लोकांना वाटतं, बँकेने राइट ऑफ केलं म्हणजे माफ केलं. अजिबात नाही. बँकेने आपल्या वहीत तोटा लिहून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. वसुली चालूच. रिपोर्टवरचा डागही तिथेच.

म्हणजे बँकेचा ताळेबंद स्वच्छ झाला. माणसाचा नाही.

काळाबरोबर हा डाग फिका होतो का? होतो. पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. ३०० ते ९०० च्या मोजपट्टीवर स्कोअर धाडकन खाली येतो आणि दारं बंद होतात. पुढे नवे हप्ते वेळेवर जात राहिले तर स्कोअर हळूहळू उठतो, कारण जुन्या चुकीपेक्षा ताज्या वागण्याला जास्त वजन असतं. तीन वर्षांत जुन्या चौकटी मागे सरकतात. पण मुळात नवे हप्ते भरायला नवं कर्ज लागतं, आणि डाग असलेल्याला ते देणार कोण?

सावकार देतो. रिपोर्ट न पाहता देतो. सावकारीला लगाम घालायला राज्याने २०१४ मध्ये कायदा केला, पण बँकेचं दार बंद असताना गरजू माणूस कलमं वाचत बसत नाही. सावकाराचा हप्ता वेळेवर फेडला तरी तो कुठल्या रिपोर्टवर उमटत नाही. चुकला तर घरावर उमटतो.

आणि ही माहिती किती काळ ठेवायची? क्रेडिट माहिती कंपन्यांसाठीचा कायदा २००५ चा. त्याखालचा नियम सांगतो, किमान सात वर्षं.

पुन्हा किमान. कमाल किती?

बाहेर काय चालतं ते पाहा. अमेरिकेत चॅप्टर सेव्हनखाली दिवाळं जाहीर केलं की नोंद दहा वर्षं राहते, मग काढावी लागते. ब्रिटनमध्ये दिवाळखोर माणूस साधारण वर्षभरात मुक्त होतो आणि सहा वर्षांनी नोंद रिपोर्टवरून जाते. दहा वर्षं कमी नाहीत. पण तिथल्या माणसाला भिंतीवर कॅलेंडर लावून तारखेवर खूण करता येते. शिक्षा कितीची ते त्याला ठाऊक असतं.

आपल्याकडे जन्मठेपेलाही हिशेब असतो, थकीत हप्त्याला नाही.

आता कुणी म्हणेल, संहिता आहे ना? आहे. २०१६ ची. तिच्या तिसऱ्या भागात व्यक्ती आणि भागीदारी संस्थांची दिवाळखोरी सविस्तर लिहिली आहे. दिवाळखोरीचा आदेश झाला की वर्षभरात मुक्तीचा आदेश मिळण्याची सोय आहे. अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची तरतूद आहे. वार्षिक उत्पन्न ६० हजारांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाने अर्ज करावा आणि कर्जातून सुटावं.

सुंदर कलम आहे. लागू नाही.

तिसरा भाग सामान्य माणसासाठी अजून अंमलात आणलेला नाही. त्यातला एक तुकडा मात्र १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. कोणता? कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांचा. म्हणजे बँकेला ज्याच्या मागे लागायचं होतं, त्याच्यापुरता कायदा जागा झाला. ज्याला सुटका हवी होती, त्याच्यासाठी झोपलेलाच.

बड्या प्रवर्तकांच्या हमीमागे लागलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण आपल्या प्रायव्हेट लिमिटेडसाठी बँकेत हमीवर सही केलेला वाळूजचा छोटा संचालकही त्याच जाळ्यात येतो. आणि प्रोप्रायटर? कंपनी नाही म्हणून कंपनीचं दार बंद, माणूस आहे म्हणून माणसाचं दार अजून बसवलेलंच नाही. त्याच्यासाठी उरतात इंग्रजांच्या काळचे नादारीचे कायदे. मुंबई, कोलकाता, मद्राससाठी १९०९ चा, बाकी प्रांतांसाठी १९२० चा. या १९२० च्या कायद्यात कर्जदाराने अर्ज करण्यासाठी किमान कर्जाची अट किती आहे माहीत आहे?

पाचशे रुपये.

शंभर वर्षांत त्या आकड्याकडे परत पाहायला कुणाला वेळ मिळाला नाही. यूपीआय आलं, घरबसल्या पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप आली, कर्ज वसूल करायच्या दहा तऱ्हा आल्या. कर्जातून सुटायचा कायदा मात्र पाचशे रुपयांवर अडला.

कर्ज देताना देश डिजिटल. माफ करताना बोरूने लिहिणारा.

या डागाची लांबी फक्त कर्जापुरती असती तरी एक वेळ चाललं असतं. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने स्टेट बँकेचा एक निर्णय उचलून धरला. क्रेडिट इतिहास खराब म्हणून उमेदवाराची नेमणूक रद्द केलेली. परीक्षा पास झालेल्या पोराची. आपल्या शहरातल्या अभ्यासिकांत बँकेच्या परीक्षेला बसणारी किती पोरं आहेत? बीड, जालना, हिंगोलीहून आलेली, खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे जुळवताना कार्डावर किंवा ॲपवर उधारी केलेली? उधारी फेडायला नोकरी हवी आणि नोकरीला उधारी नको.

कुठून सुरुवात करायची ते त्यांना कोण सांगणार?

जामीनदाराचं दुखणं तर घरोघरी आहे. मराठवाड्यात जामीन राहणं हे नात्यातलं काम. मेहुणा म्हणाला, सही केली. मेहुण्याने हप्ते थकवले. बोजा जामीनदाराच्याही रिपोर्टवर येतो, आणि हे त्याला पहिल्यांदा कळतं ते स्वतःच्या घरकर्जाचा अर्ज फेटाळला जातो तेव्हा. दोन घरांचं बोलणं बंद, दोन घरांची पत बंद.

शेतकऱ्यांबाबत निदान आवाज उठला. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावलं, पीककर्जासाठी सिबिल मागू नका. चांगलं झालं. पण २०१७ ची कर्जमाफी आली, २०१९ ची आली, आणि दोन्ही वेळा सरकारच्या याद्या पूर्ण होईपर्यंत शेतकऱ्याचं खातं थकीतच राहिलं. माफीची घोषणा सरकार करतं, वाट पाहण्याचा दंड शेतकरी भरतो. बैठकीतली तंबी गावातल्या शाखेच्या काउंटरपर्यंत पोचली का, हे दरवर्षी पेरणीच्या तोंडावर जाऊन विचारायला हवं.

शिस्त बिघडेल, असा एक आक्षेप नेहमी येतो. माणसांना सोडलं तर उद्या कुणीच फेडणार नाही. ठीक. मग शंभराला साडेचार रुपयांत सुटका करताना शिस्त कुठे होती? शिस्त हवीच. उधळपट्टी करणाऱ्याला, खोटी कागदपत्रं देणाऱ्याला, पैसा वळवणाऱ्याला सोडू नका. पण धंद्यात मार खाल्लेला आणि लबाडी केलेला यांत फरक करणारं न्यायाधिकरण कंपनीला मिळतं. माणसाला मिळतो तो एक आकडा. त्याच्याशी युक्तिवाद करता येत नाही.

तोवर हाताशी जे आहे ते वापरा, कारण तेही कुणी आपणहून सांगत नाही. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून, म्हणजे सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि क्रिफ हाय मार्ककडून, वर्षाला प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. तो मागवा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल, न घेतलेलं कर्ज नावावर असेल, तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. किती जणांनी ती मागितली?

तडजोड करणं भागच असेल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारा, रिपोर्टवर काय नोंद जाणार. पुढे हातात चार पैसे आले तर उरलेली रक्कम भरून 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून देणार का, हेही त्याच कागदावर घ्या. फोनवरचा शब्द धरू नका. पत उभी करायची तर मुदत ठेवीवर मिळणारं छोटं कार्ड किंवा लहानसं सोनेतारण कर्ज घ्या आणि एकही तारीख चुकवू नका. सावकाराकडे जाण्यापेक्षा ते बरं, कारण निदान ते कुठेतरी लिहिलं जातं.

आणि मत मागायला येणाऱ्या खासदाराला एकच गोष्ट विचारा. २०१६ च्या संहितेचा तिसरा भाग सामान्य माणसासाठी कधी लागू करणार? नवा कायदा करायचा नाही. समिती नेमायची नाही. मसुदा लिहायचा नाही. संसदेने तो कधीच मंजूर केलाय. केंद्राने राजपत्रात अधिसूचना काढायची आहे. हमीदारांच्या तुकड्यासाठी २०१९ मध्ये काढली, तशीच.