गाळमुक्त इंजिन, गाळयुक्त अंगण

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत जुन्या मोटारीच्या इंजिनातला गाळ स्वतःच्या हाताने काढणारा माणूस सहसा मेकॅनिक नसतो. तो साखर कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर असतो, नाहीतर पतसंस्थेचा माजी व्यवस्थापक. क्वचित हायस्कूलात शास्त्र शिकवून बाहेर पडलेला असतो. वय साठच्या पुढे, चष्मा दोरीला, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी चौदा नंबरचा पाना. गावात त्याला तात्या किंवा अण्णा म्हणतात. गॅरेजवाले त्याच्या माघारी आणखी काही म्हणतात. त्याच्या दारात एमएच ४२ची मारुती ८०० असते, पुण्याहून स्वस्तात आणलेली प्रीमियर पद्मिनी असते किंवा वडाप करून दमलेली कमांडर जीप असते. गाडीने पंधरा वर्षे केव्हाच ओलांडलेली असतात. पुन्हा पासिंग करताना भरलेल्या पर्यावरण कराची पावती डिकीत प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली असते. ती पावती म्हणजे पर्यावरणाचे आणि आपले काही देणे-घेणे उरलेले नाही याचा लेखी पुरावा, अशी त्याची समजूत असते.

यांच्यात पद्मिनीवाल्याचा मान मोठा. वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे केले आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनीही त्यांनीच काढली, एवढ्या आधारावर तो ही गाडी आपल्या तालुक्याचीच मानतो. ती प्रत्यक्षात कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, हा तपशील लासुर्णे ते अंथुर्णे या पट्ट्यात कोणी त्याच्यापुढे काढत नाही.

हा माणूस ओळखण्याची खूण म्हणजे दुसऱ्याची गाडी. लग्नमांडवाबाहेर, दवाखान्याच्या दारात, दहाव्याच्या घाटावरसुद्धा तो कोणाच्या तरी गाडीचे बॉनेट उघडायला लावतो. गेजची पट्टी बाहेर ओढतो, गाडीमालकाच्याच रुमालाला पुसतो, पुन्हा घालून पुन्हा काढतो. तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळतो, नाकाशी नेतो, उन्हात धरतो. जिभेला लावणारेही होते, पण ती पिढी मागची. एवढ्या तपासणीनंतर निदान मात्र ठरलेले असते : “आतनं पार कचरा झालाय. ह्याला धुतल्याबिगर इलाज नाय.” गाडी डिझेलची असली तर हे निदान हमखास चुकते. डिझेल इंजिनात नवे तेल थोड्याच दिवसांत काळे होते, कारण ज्वलनातली काजळी तळाशी बसू न देता तेलातच तरंगत ठेवणे हे त्यातल्या डिटर्जंटचे कामच आहे. तेल काळे झाले म्हणजे ते काम करते आहे. पण ही गोष्ट सांगणाऱ्याला “तुमची कंची गाडी?” असा प्रश्न येतो, आणि उत्तरात स्कूटर निघाली की चर्चा तिथेच मिटते.

गाळ होण्याची कारणे तशी साधी आहेत. उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने इंजिन ऑइल हळूहळू बिघडते. पिस्टनच्या रिंगांमधून खाली उतरलेले अर्धवट जळके इंधन, काजळी आणि ज्वलनातून तयार झालेली पाण्याची वाफ त्यात मिसळते. इंजिन नीट तापले तर पाणी आणि बरेचसे इंधन उडून ब्रीदरच्या नळीतून निघून जाते. तापले नाही किंवा ब्रीदर तुंबला, तर सगळे तेलात मुरते. आधी तेल ओतायच्या झाकणाला आतून पिवळट-पांढरा फेस दिसतो. मग टॅपेट कव्हरखाली काळा थर धरतो, आणि शेवटी तेलाच्या चेंबरच्या तळाशी साखर कारखान्यातल्या मळीसारखा दाट, चिकट ऐवज साठतो. मळीला डिस्टिलरीत भाव तरी मिळतो.

आता या माणसाची गाडी दिवसाकाठी घरापासून भिगवण चौकापर्यंत जाते, तिथे चहा होतो आणि ती परत येते. इंजिन तापायच्या आत प्रवास संपलेला असतो. गळीत हंगामात भवानीनगरच्या रस्त्याला गेलीच, तर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरमागे रखडते. इंजिन तासभर चालते, किलोमीटर मात्र वाढत नाहीत. आणि तेल बदलायचा याचा सगळा हिशेब किलोमीटरवर. पाच हजाराला तेल बदलायचे हे त्याला पाठ आहे. गाडीच्या पुस्तिकेत त्याच वाक्यात पुढे ‘किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असेही लिहिलेले असते, पण तिथपर्यंत तो पोचलेला नसतो. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे तेल मग चौथ्या-पाचव्या वर्षी बदलते. तेल आणि फिल्टर यांचे जे काही पैसे वाचतात, त्यांतूनच पुढे सफाईचा खर्च आणि आनंद दोन्ही निघतात.

मोठ्या कंपन्यांनाही या गाळाने घाम फोडला आहे. टोयोटाने अमेरिकेत १९९७ ते २००२ या काळात बनलेल्या सुमारे ३३ लाख गाड्यांना गाळापायी होणाऱ्या बिघाडासाठी २००२ साली वाढीव संरक्षण दिले. मालक तेल वेळेवर बदलत नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. बदलतो, असे अनेक मालकांचे. ही हकिगत कानावर आली की हा माणूस तत्काळ मालकांच्या बाजूने होतो.

गाळ काढायचा शहाणा मार्ग कंटाळवाणा आहे. योग्य ग्रेडचे चांगले तेल आणि नवा फिल्टर घालावा, गाडी रोज थोडी लांब फिरवावी, आणि पुढच्या दोन-तीन वेळा तेल नेहमीपेक्षा लवकर बदलावे. तेलातले डिटर्जंट थर हळूहळू सोडवते. यात मालकाने बारामतीहून इंदापूरला जाऊन यायचे, एवढेच काम उरते. म्हणून तो हा मार्ग मानत नाही. गाळ फार झाला असेल तर टॅपेट कव्हर आणि चेंबर खोलून थर हाताने खरवडणे आणि ऑइल पंपाची जाळी धुणे, हा दुसरा मार्ग. तो खात्रीचा आहे, पण त्याला गॅस्केट लागते, आणि गॅस्केटला पैसे.

उरतो तिसरा, डिझेलचा. त्यामागे एक परंपरा आहे. कारखान्यात रस आटवायच्या नळ्यांना आतून कठीण थर धरतो. तो कॉस्टिक सोड्याने उकळून मऊ करतात आणि मग ब्रशने काढतात. ज्याची उभी नोकरी हे करण्यात गेली, तो तोच न्याय इंजिनाला लावतो : नळीला कॉस्टिक, तर इंजिनाला डिझेल. त्या नळ्यांत बेअरिंग नसतात, हा फरक त्याला मान्य नसतो. त्यामुळे मुहूर्तही कारखान्याचाच, म्हणजे ऑफ सीझनचा. कारखाना बंद, ऊन कडक, आणि घरात कुरडयांची धांदल. पहिला खटका इथेच उडतो.

“अहो, ते पातेलं चिकाचं आहे!”

“घासून देतो की.”

ते पातेले पुन्हा कुरडयांच्या कामी येत नाही. गाडीखाली पुतण्या जातो. तात्या बॉनेटपाशी उभे राहून देखरेख करतात.

“सुटला का नट?”

“सुटंना, तात्या.”

“डावीकडं फिरव.”

“खालनं डावीकडं का वरनं?”

या एका प्रश्नावर तालुक्यातल्या बऱ्याच चेंबरचे आटे गेले आहेत. नट सुटला की काळे तेल पातेल्यात थोडे आणि शहाबादी फरशीवर बरेच पडते. मग नट लावून इंजिनात डिझेल आणि थोडे जुने तेल ओततात, गाडी चालू करतात, आणि शेजारपाजारची दोन-तीन माणसे गोळा होतात. खरे तर काही मिनिटे मंद चालवून ते लगेच काढायचे असते, कारण पातळ मिश्रणाचा थर धातूला धातूपासून नीट वेगळा ठेवू शकत नाही. पण बघायला माणसे जमलेली असतात. तात्या ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढून आवाज वाढवतात आणि “ऐका, कसं मोकळं झालं” म्हणतात. ते मोकळे झालेले बहुधा बेअरिंग असते.

पुढचे परिणाम ठरावीक आहेत. हलका थर धुऊन निघतो, जाड थराचे मात्र ढेकूळ सुटते आणि जाऊन पंपाच्या जाळीला बसते. तेल वर चढेनासे होते आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागतो. गाडी त्याच क्षणी बंद करायची असते. तात्यांच्या मते तो वायरिंगचा दोष असतो, आणि गाडी तशीच पिंपळीपर्यंत जाते. तिथून ती टोचन लावून आणावी लागते. जाळी बचावली तरी दुसरे दुखणे वर येते. जुन्या कडक सीलच्या फटी आजवर त्या गाळानेच बुजवलेल्या असतात. गाळ गेला की क्रँकच्या सीलमधून तेल ठिबकू लागते. गॅरेजवाला एकदा खाली वाकतो आणि विचारतो, “तात्या, धुतली का?” उत्तर मिळत नाही. बिल मात्र निघते, आणि त्यात गॅस्केट असते.

निघालेल्या काळ्या तेलाची वाट लावणे हा शेवटचा टप्पा. नियमाने असे तेल घातक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत प्रक्रिया करणाऱ्याकडे जायला हवे. व्यवहारात जळक्या ऑइलला गावात फार मागणी असते. सेंट्रिंगवाला ते प्लेटांना फासायला नेतो, कोणी वाळवी लागलेल्या वाशांना लावतो, कोणी गेटच्या बिजागरीत सोडतो. तात्या ते फुकट देतात, पण प्रत्येकाला गाळ दाखवूनच देतात. काही दिवस एक बाटली दिवाणखान्यातही असते, पाहुण्यांसाठी.

अलीकडे या जातीची संख्या घटते आहे. मुले नोकरीला पुण्यात, त्यांच्या गाड्यांचे तेल सर्व्हिस सेंटर बदलते आणि पुढची तारीख मोबाइलवर येते. काही महागड्या नव्या गाड्यांत तर गेजची पट्टीच नसते. तेलाची पातळी समोरच्या पडद्यावर दिसते. अशी गाडी जावयाने दारात आणली की तात्या बॉनेट उघडायला लावतात, प्लॅस्टिकच्या अखंड काळ्या झाकणाकडे थोडा वेळ बघतात आणि टायरमधल्या हवेविषयी बोलू लागतात.