गरीब गाय

"आमची मुलगी म्हणजे अगदी गरीब गाय हो," काकू म्हणाल्या आणि माझा थालीपिठाचा घास हातातच राहिला.

स्थळ कस्तुरबा गांधी मार्गावरचं नवं महाराष्ट्र सदन. मुलगा पुण्याचा, मुलगी दिल्लीतच वाढलेली, आणि मी दोन्हीकडच्यांच्या ओळखीचा, म्हणजे पुढे काही बिनसलं तर शिव्या खाणारा. काकूंचं वाक्य ऐकून मुलाची आई सुखावली. बाईंनी जन्मात गाय पाळलेली नसणार.

माणदेशात आमच्याकडे चंद्री होती. खिलार. ही जात मुळात औताची, दूध बेताचंच. त्यात चंद्री पान्हा चोरायची. आई धारेला बसली की चरवी भरायची. वडील बसले की चहापुरतंही निघत नसे. पशुवैद्य सांगतात, पान्हा सुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे आणि जनावर बिथरलं की तो अडतो. गाय बिचारी मुद्दाम काही करत नाही. वडिलांना हे कधीच पटलं नाही. आई माहेरी गेली तेव्हा ते तिचं लुगडं डोक्यावरून घेऊन बसले. चंद्रीने मान वळवली. पदर हुंगला. पदराखालच्या मिशा सावकाश न्याहाळल्या, आणि मग चरवी लाथाडली.

तिच्या शेजारी सोनी बांधलेली असे. गोठ्याचं दार सताड उघडं असलं तरी हाक मारल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही. चंद्री मात्र दाव्याची गाठ जिभेने सोडायची आणि सुटल्यावर पळायची नाही, यातच तिची खरी अक्कल! मान खाली घालून, रवंथ करत, घरात निजानीज होईपर्यंत तशीच उभी. पहाटे शेजाऱ्यांच्या कडवळात सापडायची. शेजारी भांडायला आले की आई म्हणायची, "तिला नावाने हाक मारून बघायची होती."

आईच्या या शास्त्राला पुढे न्यूकॅसल विद्यापीठाची साक्ष मिळाली. नाव ठेवलेल्या गायी बिननावाच्या गायींपेक्षा जास्त दूध देतात, असं तिथल्या दोघा संशोधकांना आढळलं. 2009 साली त्यांना इग नोबेल मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. आईला मी फक्त 'नोबेल' एवढंच सांगितलं.

आम्ही बसलो होतो त्या सदनाचा रस्ता पूर्वी कर्झनसाहेबाच्या नावाचा होता. आता ज्यांच्या नावाचा आहे, त्यांनाही लोक सोशिक म्हणूनच ओळखतात. पण गांधीजी आजारी पडले, दूध न पिण्याच्या व्रतामुळे डॉक्टर हतबल झाले, तेव्हा खाटेशेजारी उभ्या कस्तुरबांनीच सुचवलं, की मग शेळीच्या दुधाला तर हरकत नसावी. गांधीजींच्या व्रताच्या कुंपणाला फट होती. ती दिसली फक्त बांना.

"काही विचारायचंय का तुला?" मुलाच्या आईने मुलीला विचारलं. मुलीने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा खाली घातली. हात टेबलाखाली. तेवढ्यात मुलाच्या खिशातला फोन थरथरला. त्याने हळूच काढून पाहिला, कानापर्यंत लाल झाला आणि त्यानेही मान खाली घातली.

काकू म्हणाल्या, "बघा, किती लाजाळू आहेत दोघं."

मी थालीपीठ संपवलं. दावं केव्हाच सुटलेलं होतं.