कामानिमित्त पुण्यात येणाऱ्या बाईसाठी

पुण्याचा विमानतळ लोहगावला, शहराच्या ईशान्येला. मीटिंग बहुधा हिंजवडीला, पार पश्चिमेला. मधले अंतर किलोमीटरमध्ये विचारू नये, तासांत विचारावे. मेट्रो २०२२ साली सुरू झाली. वनाजहून सुटणारी गाडी रामवाडीपर्यंत येते, विमानतळ तिथून पुढे राहतो. उरलेल्या वाटेला रिक्षा असते. रिक्षाला मीटरही असतो, तो टाकण्याचा विषय मात्र प्रवासिनीने काढावा लागतो.

मुक्काम कामाच्या जागेजवळ करावा. धुळीसाठी स्कार्फ घ्यावा. डोळे तेवढे उघडे ठेवून तो कसा बांधायचा, हे कोणत्याही सिग्नलवर पाहून शिकता येते. रात्री उशिरा एकटीने फिरू नये, गाडीचा नंबर घरी कळवावा, ११२ लक्षात ठेवावा. हा सगळा उपदेश बाईला मिळतो. मीटिंग संध्याकाळी सातला ठेवणाऱ्या साहेबाला उद्देशून अशी पुस्तिका अद्याप कोणी काढलेली नाही.

मुंबईला परतण्यासाठी सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन आहे, १९३० पासून धावणारी. पासधारकांच्या डब्यात चुकून बसल्यास उठवले जाते, तेही अत्यंत शुद्ध मराठीत.